बाहेरून जर्मन, आतून भलतीच : लायनर टाकलेली जुनी रायफल कशी ओळखायची

तीन वर्षांपूर्वी इथं पेनसिल्व्हेनियात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, मी लेथची टूल्स मिळतात का बघायला गेलो आणि येताना रायफल घेऊन आलो. बायको अजून त्यावरून ऐकवते. रायफलीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, त्यावर पेनानं "जर्मन ८ एमएम माउझर" एवढंच. त्यातला एकच शब्द खरा निघाला, जर्मन. माउझर ती नव्हतीच, आणि आठ एमएम कधीकाळी असेलही पण आता नळीच्या तोंडात साधी शिसपेन्सिल जात नव्हती. विकणाऱ्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, पण त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून कुणी दुकानातून आठ एमएमचा डबा आणला असता तर नशीब एवढंच की काडतूस आत बसलंच नसतं. दर वेळी नशीब एवढं चांगलं नसतं.

मी मूळचा भोसरीचा, वीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत, त्यामुळं समोर आलेलं भोक मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे चार-पाच महिने मी ही रायफल वाचायला शिकलो आणि ते सगळं इथं क्रमानं लिहितोय, कारण एकाच ठिकाणी, मराठीत तर नाहीच, पण इंग्रजीतही नीट सापडलं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. जुन्या जर्मन रायफलीवरचे शिक्के म्हणजे तिचा सातबारा, आणि लायनर म्हणजे फेरफार. जमीन विकली गेली, पण फेरफार तलाठ्याकडं नोंदवलाच नाही, तर सातबारा जुन्याच मालकाचं नाव सांगत राहतो ना, तसंच. शिक्के सांगतात की रायफल जन्मली तेव्हा कोण होती. आज तिच्यात कुठलं काडतूस जातं ते शिक्के सांगू शकत नाहीत, ते फक्त मोजून कळतं. लोक नेमकं इथंच गल्लत करतात, शिक्का वाचतात आणि काडतूस विकत घेतात.

लायनर म्हणजे काय ते थोडक्यात. काळ्या दारूच्या जमान्यात दारूची राख आणि क्लोरेटचे प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) यांनी नळ्या आतून खाऊन टाकल्या, किंवा जुनं काडतूस बाजारात मिळेनासं झालं, तर पूर्ण नळी फेकायच्या ऐवजी आतून ड्रिल मारून मोठी करतात आणि त्यात रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) केलेली नवी पातळ नळी घालून सोल्डर नाहीतर इपॉक्सीनं पक्की करतात. मग मागून नवं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रीमरनं काढतात. इंजिनाच्या ब्लॉकला स्लीव्ह टाकतात ना, अगदी तेच काम, फक्त लांबी सात-आठशे मिलिमीटर. बाहेरचं कोरीवकाम, साइट, शिक्के सगळं जागच्या जागी राहतं. चांगल्या कारागिरानं केलं असेल तर बघून पत्ता लागत नाही.

सुरू करायच्या आधी

रिकामी आहे का बघा. बघितली? परत बघा. सिंगल शॉट असली तरी बोट घालून चेंबर चाचपा, आत जुनी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी टरफल, अडकलेली मी स्वतः बघितलीय. मग नळीत मागून टॉर्च टाकून तोंडाकडून उजेड दिसतो का बघा.

भारतात जे वाचतायत त्यांच्यासाठी, आजोबांच्या ट्रंकेत किंवा वाड्याच्या माळ्यावर असं काही सापडलं तर खालचं काहीही घरी करत बसू नका. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, तेव्हा आधी पोलीस ठाणं, मग परवानाधारक आर्म्स डीलर. शिक्क्यांचे फोटो मात्र जरूर घ्या, ओळख पटवायला तेवढे खूप उपयोगी पडतात. परवान्यावर बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, लिहिलेला असतो आणि लायनर टाकलेली असेल तर कागदावरचा बोअर आणि खरा बोअर वेगळा निघू शकतो, ही भानगड वेळेत कळलेली बरी.

अमेरिकेत उलट प्रश्न असतो. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर फेडरल कायद्यात ती अँटिक धरतात, त्यामुळं सालाला किंमत आहे. माझ्या रायफलीचं साल १८९८ किंवा त्याआधीचं असं मी सिद्ध करू शकलो नाही, म्हणून मी तिला साधी बंदूक समजूनच सगळे कागद केले.

लायनर आहे का ते ओळखणं

नळीचं तोंड दहा पटीच्या भिंगाखाली धरा आणि उजेड तिरका टाका. बोअरच्या बाहेर एक केसासारखं बारीक वर्तुळ दिसतं का? तीच लायनरची कड. दिसत नसेल तर तोंडावर जरा तेल लावून पुसून टाका आणि रात्रभर ठेवा, सांध्यातलं तेल सकाळी बारीक रेघ होऊन वर आलेलं असतं. ही युक्ती आमच्या टूलरूममध्ये डायमधली क्रॅक शोधायला वापरायचो. मागच्या बाजूलाही तसंच बघा, कधी तोंडाशी वर्तुळ घासून लपवलेलं असतं पण चेंबरच्या तोंडाशी राहिलेलं असतं.

दुसरी खूण म्हणजे वयाचा मेळ बसत नाही. बाहेरून नळीचं ब्ल्यूइंग, म्हणजे निळसर-काळा मुलामा, उडालेलं, तपकिरी झालेली, साइटच्या कडा झिजलेल्या आणि आत बघावं तर रायफलिंग आरशासारखं. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडात बत्तीस पांढरेशुभ्र दात दिसले तर आपण काय समजतो?

तिसरी खूण एक्स्ट्रॅक्टरची, आणि ही मला सगळ्यात आवडते. रिकामी केस बाहेर ओढणारा तो छोटा तुकडा मूळ काडतुसाच्या रिमच्या, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, मापाचा असतो. लायनर टाकून काडतूस लहान केलं की रिमही लहान होते, मग जुना एक्स्ट्रॅक्टर चालत नाही. माझ्या रायफलीत जुन्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत एक तुकडा वेल्ड करून बसवला होता आणि मग फायलीनं आकार दिला होता, फायलीचे ओरखडे भिंगाखाली स्वच्छ दिसतात. खाचेच्या राहिलेल्या जुन्या गोलाईवरून मूळ रिम सव्वाबारा मिलिमीटरच्या आसपास असणार असा हिशोब निघाला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

प्रायमरवर मारणारी फायरिंग पिनही बघून घ्या. पॉइंट टू-टू रिमफायर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेलं काडतूस) केलेली असेल तर पिन मध्यभागी न बसता कडेला मारते, त्यासाठी ब्रीचब्लॉकचं, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याचं, जुनं भोक बुजवून बाजूला नवं काढलेलं दिसतं.

शिक्के शोधणं

जर्मन शिकारी आणि टार्गेट रायफलींचे शिक्के वरून दिसत नाहीत, बहुतेक नळीच्या खाली, पुढच्या लाकडाच्या आत असतात. लाकूड काढावं लागतं. इथं माझी कळकळीची विनंती, हार्डवेअरच्या दुकानातला निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. जुन्या जर्मन स्क्रूंची खाच अरुंद आणि सरळ असते, बिट घासून त्या मापाचं करा, खाच भरून बसलं पाहिजे. एक घसरलेला स्क्रू आणि शंभर वर्षांचं कोरीवकाम गेलं. स्क्रू हटून बसला असेल तर गंजावरचं तेल टाकून दोन दिवस विसरून जा.

साफ करायला तारेचा ब्रश नको. कापडावर तेल आणि लाकडी दातकोरणं. मग शिक्क्यांवर टाल्कम पावडर किंवा खडू चोळून वरची पुसली की खोलगट भागात पांढरं राहतं आणि फोटो सुंदर येतो. फोटो काढताना उजेड चारी बाजूंनी फिरवून चार-चार काढा, एका कोनात जो मुकुट दिसतो तो दुसऱ्या कोनात गरुड निघतो.

शिक्के वाचणं

आता मुख्य प्रकरण. जर्मनीत १८९१ साली बंदुका तपासायचा कायदा झाला आणि १ एप्रिल १८९३ पासून तो लागू झाला. म्हणजे सरकारी प्रूफ हाउसमध्ये जादा दारू भरून नळी तपासायची, टिकली तर शिक्का. प्रत्येक शिक्क्यावर छोटा मुकुट आणि खाली एक अक्षर. बी म्हणजे अंतिम चाचणी झाली, यू म्हणजे नजरेनं तपासणी, जी म्हणजे नळीत रायफलिंग आहे, एस म्हणजे छऱ्याची नळी, डब्ल्यू म्हणजे चोक असलेली, तोंडाशी अरुंद केलेली, ई म्हणजे एक्स्प्रेस रायफल. व्ही असेल तर मजा आहे, कायदा लागू झाला तेव्हा दुकानात आधीच पडून असलेल्या मालावर तो मारायचे, म्हणजे रायफल १८९३ च्या आधीची. एन हा धूरविरहित दारूच्या चाचणीचा, तो १९११ च्या सुमारास आला. आणि आर म्हणजे दुरुस्तीनंतर परत तपासलेली, यावर परत येतो.

१९३९ मध्ये नवा कायदा झाला, एप्रिल १९४० पासून लागू, आणि मुकुट जाऊन गरुड आला. गरुडाखाली एन म्हणजे नायट्रो, तीच धूरविरहित दारू, पी म्हणजे काळी दारू, जे म्हणजे दुरुस्तीनंतरची तपासणी. तेव्हा फक्त मुकुट असतील तर १८९३ ते १९४० यामधली, गरुड आणि एन असेल तर त्यानंतरची, एवढा ढोबळ अंदाज लगेच येतो.

मग एक विचित्र आकडा दिसेल, १७२.२८ किंवा ११८.३५ असा काहीतरी. मी दोन दिवस त्याला सिरियल नंबर समजत होतो! तो बोअर आहे, पण गेजमध्ये. एक पौंड शिशाच्या त्या बोअरच्या मापाच्या किती गोळ्या होतील, तो आकडा. बारा बोअरची बंदूक म्हणतो ना आपण, तोच हिशोब, फक्त रायफलीचं भोक लहान म्हणून आकडा शंभराच्या पुढं जातो. मिलिमीटर काढायचे असतील तर ४२.४ ला त्या आकड्याच्या घनमुळानं भागा. १७२.२८ चं घनमूळ ५.५६ च्या जरा वर, उत्तर ७.६२ मिलिमीटर. ११८.३५ चं उत्तर ८.६४. १५६.१४ असेल तर ७.८७. हिशोब इंचात केला की कळतं की हे ०.३०, ०.३४, ०.३१ इंच असे पायरीपायरीचे प्लग गेज होते, आणि शिक्का सांगतो की या मापाचा प्लग आत गेला, पुढचा नाही गेला. म्हणजे १७२.२८ चा अर्थ बोअर ७.६२ आणि ७.८७ च्या मध्ये कुठंतरी. शिवाय हे माप लँडवरचं, म्हणजे रायफलिंगच्या उंचवट्यांवरचं आहे, ग्रूव्हमधलं, म्हणजे खाचांमधलं नाही, त्यामुळं आठ एमएम म्हणवणाऱ्या रायफलीवर ७.६२ चा आकडा बघून गोंधळू नका.

पहिल्या महायुद्धाच्या जरा आधीपासून हे गेज जाऊन सरळ मिलिमीटर आले, "७,८ मिमी" आणि शेजारी केसची लांबी ५७ असं. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम वापरतात, तो टिंब समजून वाचायचा. कधी दारूचं वजनही मारलेलं असतं, २,६७ ग्रॅम जी.बी.पी. आणि पुढं एसटी.एम.जी. १४,७ ग्रॅम, म्हणजे तेवढी रायफलची पत्रीसारखी दारू आणि पोलादी जॅकेटची तेवढ्या वजनाची गोळी. सुल या बंदुका बनवणाऱ्या गावच्या नळ्यांवर कधीकधी "३ २४" असे छोटे आकडे असतात, ते मार्च १९२४, तपासणीचा महिना आणि वर्ष.

आता कुणी बनवली यावर. इथं तीन खड्डे आहेत आणि मी तिन्हीत पडलो.

पहिला खड्डा क्रुप. नळीवर "क्रुप एसेन" आणि "फ्लुस-श्टाल" असं ठळक अक्षरात असतं, लोक खुशीत सांगतात की माझी बंदूक तोफा बनवणाऱ्या क्रुपची. क्रुपनं फक्त पोलाद दिलं. आपल्याकडं खिडकीच्या ग्रिलवर टाटा लिहिलंय म्हणून खिडकी टाटांनी बनवली असं होत नाही. ब्योलर, पोल्डी, विटन ही नावंही पोलादाचीच.

दुसरा खड्डा डी.आर.जी.एम. आणि डी.आर.पी. ही कंपनी नाही, पहिलं डिझाइनची नोंदणी आणि दुसरं पेटंट, १९४५ पर्यंतच्या जर्मनीतलं. जर्मन घड्याळांवर, चाकूंवर, बाहुल्यांवर, सगळीकडं असतं.

तिसरा खड्डा नळीच्या वरच्या पट्टीवरचं सुंदर सोनेरी नाव. ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं, ब्रेस्लाउ, केमनिट्स, बर्लिन कुठलाही. बनायची बहुतेक थुरिंगियात, सुल, त्सेला आणि मेहलिस या डोंगरातल्या गावांत. तिथं पूर्ण गाव बंदुकीवर जगायचं, एकाच्या घरी नळी, दुसऱ्याच्या घरी अ‍ॅक्शन (मागचा उघडमिटीचा भाग), तिसरा दस्ता, चौथा कोरीवकाम, आणि नळीखाली त्यांची आद्याक्षरं, अगदी आपल्याकडच्या हातमागवाल्या गावांसारखं. जे.पी. सावर, हेनेल, मेर्केल, क्रीगहोफ असली मोठी नावं सुलची. माउझरची फॅक्टरी मात्र नेकार नदीकाठी ओबर्नडॉर्फला, पार दुसऱ्या टोकाला. गावाच्या नावावरून सालही कळतं, त्सेला सांक्ट ब्लासी आणि मेहलिस ही दोन गावं १९१९ मध्ये एकत्र होऊन त्सेला-मेहलिस झाली, म्हणून नुसतं "मेहलिस" असेल तर त्याआधीची.

आणि हो, अंडाकृतीत ई.एल.जी. अशी अक्षरं असतील तर थांबा, ती जर्मन नाहीच, बेल्जियममधल्या लिएजची. दर दहा "जर्मन" बंदुकांत एखादी अशी निघतेच असं मला आता वाटायला लागलंय.

इंग्रजीत "जर्मनी" असा देशाचा शिक्का असेल तर ती निर्यातीसाठी बनलेली. अमेरिकेनं १८९० च्या टॅरिफ कायद्यानं बाहेरच्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि ब्रिटननं त्याआधी १८८७ मध्ये "मेड इन जर्मनी" लिहायला लावलं होतं, ते खरं तर गिऱ्हाइकाला सावध करायला, जर्मन माल तेव्हा हलका समजायचे! माझ्यावर असा काही शिक्का नाही, म्हणजे ती जर्मनीतच विकली गेली आणि नंतर इकडं आली, बहुतेक १९४५ नंतर एखाद्या सैनिकाच्या सामानात. पेनसिल्व्हेनियात अशा खूप सापडतात.

माझ्या रायफलीवर काय होतं? मुकुट बी, मुकुट यू, मुकुट जी, १७२.२८, एन नाही. आणि नळीच्या कडेला अर्धवट घासलेलं "८,१५ × ४६ १/२". अ‍ॅक्शन आइट पद्धतीची, ज्यात खालचा लिव्हर ओढला की ब्लॉक पुढं-खाली झुलतो, सुलच्या हेनेलनं बनवलेली. ८.१५ बाय ४६ आर हे जर्मन शुट्झन, म्हणजे नेमबाजी, क्लबांचं लाडकं टार्गेट काडतूस, साधी शिशाची गोळी, मवाळ दाब, उभं राहून मारायचं. त्याची रिम १२.३ मिलिमीटरच्या आसपास. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेचा आकडा आठवला? तिथं माझी खात्री पटली. गेजचा आकडा आहे आणि एन नाही, म्हणजे साधारण १८९३ ते १९११.

फेरफार कुणी केला

आता परत त्या आर कडं. जर्मनीत नळीत असलं मोठं काम केलं की परत प्रूफ हाउसला न्यावं लागतं, मग मुकुट आर किंवा गरुड जे मिळतो. ब्रिटनमध्येही तेच, लंडन नाहीतर बर्मिंगहॅमचे ताजे शिक्के पडतात, आणि पार्कर-हेलनं लायनर टाकलेल्या नळ्यांवर "पार्करायफल्ड" असं लिहिलेलंही असतं. अमेरिकेत मात्र सक्तीचं प्रूफ हाउस नाही. गॅरेजमध्ये बसून कुणीही लायनर टाकू शकतो आणि कुठंच नोंद होत नाही. म्हणून दुरुस्तीचा कुठलाच शिक्का नसेल तर काम बहुतेक अमेरिकेतलं. माझ्यावर काहीच नव्हतं.

आतलं मोजमाप

आधी बोअर. शुद्ध शिशाचा मासेमारीचा छोटा वजनाचा गोळा घ्या, बोअरपेक्षा केसभर मोठा, नळीला आणि गोळ्याला तेल लावा आणि लाकडी हातोडीनं तोंडातून आत ठोका. मग पितळी रॉडनं हळूहळू ढकलत मागून बाहेर काढा. स्टीलची रॉड नको. ढकलताना हाताला कळतं कुठं घट्ट, कुठं सैल, एके ठिकाणी अचानक सैल झालं तर तिथं नळी फुगलेली असू शकते. बाहेर आलेल्या गोळ्यावर ग्रूव्हचे उंचवटे असतात, मायक्रोमीटरनं समोरासमोरचे दोन उंचवटे पकडून मोजा. ग्रूव्ह पाच किंवा सात असतील तर समोरासमोर येत नाहीत, मग व्ही-ब्लॉक लागतो. माझं माप ५.६९ मिलिमीटर, म्हणजे ०.२२४ इंच. सहा ग्रूव्ह.

ट्विस्ट, म्हणजे रायफलिंगचा पिळ किती अंतरात एक वळण घेतो ते, मोजायला क्लीनिंग रॉडला घट्ट कापड लावून आत ढकला, रॉडवर मार्करनं खूण करा, एक पूर्ण वळण होईपर्यंत किती आत गेली ते मोजा. रॉडची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. तीनदा करा. माझं ४०४, ४०८, ४०६ असं आलं. १६ इंच म्हणजे ४०६.४. असा इंचात गोल आकडा आला की लायनर इंचवाल्या देशातला, हा पुरावा एकटा पुरेसा नाही पण बाकीच्यांच्या जोडीला चांगला.

पॉइंट टू-टू दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. ५.६ एमएम नावाखाली जर्मनांकडंच कितीतरी काडतुसं आहेत. ५.६ बाय ३५ आर फिअरलिंग हे हॉर्नेट या अमेरिकन पॉइंट टू-टू काडतुसाचं जवळचं नातेवाईक, आणि ५.६ बाय ५२ आर म्हणजे सॅव्हेज या अमेरिकन कंपनीचं हाय-पॉवर, ज्याची गोळी ०.२२८ इंच जाडीची. आठ एमएममध्ये तर ही चूक महागात पडते. जुन्या आय बोअरची गोळी ८.०७ च्या आसपास आणि नंतरच्या एस ची ८.२२, केस दिसायला सारखीच. जाड गोळी बारीक बोअरमध्ये म्हणजे दाब कुठच्या कुठं. म्हणून बोअर आणि चेंबर दोन्ही मोजायचं, एकावर दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

चेंबरचा साचा

यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा. वितळतो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला, म्हणजे गरम पाण्यात डबी ठेवली तरी पाणी होतो. कॅडमियम आणि शिसं आहे, तेव्हा स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही, मी बायकोचं चहाचं पातेलं घ्यायला निघालो होतो, वाचलो. खिडकी उघडी, हात धुवायचे.

चेंबर कोरडं आणि स्वच्छ करा, तेलाचा नुसता वास राहिला पाहिजे. तोंडाकडून रॉडला कापड लावून आत सरकवा, चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं त्याच्या पुढं दीडेक सेंटिमीटरवर थांबवा, म्हणजे साच्यात थोडं रायफलिंगही येईल. नळी तोंड खाली करून उभी व्हाइसमध्ये, लाकडी जबड्यात. वितळलेला धातू एकाच धारेत ओता, थांबून थांबून ओतला तर थर पडतात. माझे पहिले दोन साचे तसेच वाया गेले, तिसऱ्या वेळी कागदाची लांब नळी करून तिच्यातून ओतलं. रिमच्या खाचेपर्यंत भरला की थांबा, वर सांडून अ‍ॅक्शनमध्ये गेला तर काढत बसाल.

आता वेळेचा खेळ. हा धातू थंड होताना पहिला अर्धा तास किंचित आकसतो, तेवढ्यात रॉडनं हलकेच ढकलून बाहेर काढायचा. मग परत फुगायला लागतो, आणि ओतल्यापासून एक तासानं तो चेंबरच्या अचूक मापाला येतो. माप तेव्हाच घ्यायचं. त्यानंतरही फुगत राहतो, २०० तासांत दर इंचामागे ०.००२५ इंच. म्हणून "रविवारी काढला, पुढच्या रविवारी मोजला" चालत नाही.

पाच मापं लिहा. रिमचा व्यास, रिमच्या लगेच पुढचा व्यास, शोल्डरचा (अंगापासून मानेकडं निमुळता होणारा उतार), मानेचा, आणि रिमपासून मानेच्या टोकापर्यंत लांबी. शोल्डरचा कोन फोटो काढून स्क्रीनवर मोजला तरी चालतो. मग युरोपची सी.आय.पी. आणि अमेरिकेची सामी या काडतुसांची मापं ठरवणाऱ्या संस्थांची चेंबरची ड्रॉइंग मिळतात, ती शेजारी ठेवा. चेंबरचं ड्रॉइंग, काडतुसाचं नाही! चेंबर काडतुसापेक्षा थोडं सैल असतंच, हे विसरून लोक "कशाशीच जुळत नाही" म्हणत बसतात.

माझा साचा हातात आला तेव्हा मला वाटलं झालं, पॉइंट टू-टू हॉर्नेट. बूड ७.६ च्या आसपास, लांबी साडेपस्तीसच्या जरा वर, मान सव्वासहाला टेकलेली, सगळं जुळतंय. फक्त शोल्डर जुळेना. हॉर्नेटचा शोल्डर कौलारू घराच्या पडवीसारखा लांब उताराचा, सहाएक अंशांचा, कुठं सुरू झाला ते बोटाला कळतसुद्धा नाही. माझ्या साच्यावर नख फिरवलं की खटकन अडकत होतं. मोजलं तर ३५ अंश, आणि शोल्डरपर्यंत अंग जवळजवळ सरळ. ते के-हॉर्नेट निघालं. हॉर्नेट बाजारात आलं १९३० मध्ये, आणि लायल किलबर्न नावाच्या अमेरिकन गनस्मिथनं १९४० मध्ये त्याचं चेंबर रुंद करून के-हॉर्नेट केलं. म्हणजे लायनर १९४० नंतरचा, अमेरिकेतला, इंचातला, शिक्क्याशिवायचा. सगळे धागे एका गाठीत आले.

मग वाजवायची का

ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ही अ‍ॅक्शन मवाळ ८.१५ साठी बनलेली, हॉर्नेटच्या कुळातला दाब त्याहून कितीतरी जास्त. इथल्या एका जाणत्या गनस्मिथकडं नेली, त्यानं हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला मागं-पुढं किती सैल जागा आहे ते, बघितलं, ब्लॉक आणि नळीमधली फट फीलर गेजनं बघितली, आणि फायरिंग पिनचं भोक दाखवलं. जुनं, मोठं भोक. एवढ्या भोकावर दाब वाढला की प्रायमरचा पत्रा मागं आत फुगतो आणि फुटतो, आणि गॅस येतो थेट नेमबाजाच्या तोंडावर. भोक बुजवून लहान करायचं, पिन बदलायची, लायनर चेंबरपाशी पक्का आहे का ते बघायचं, हे सगळं झाल्याशिवाय नाही, असं तो म्हणाला आणि मला पटलं. लायनर इपॉक्सीनं बसवलेला असेल तर नळी कधीच गरम ब्ल्यूइंगला द्यायची नाही, हेही त्यानंच सांगितलं.

कामाला अजून नंबर लागलेला नाही. तोवर ती भिंतीवर आहे आणि जुनी चिठ्ठी मी फेकली नाही, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून तीच परत बांधली : "सुल, आइट अ‍ॅक्शन, १८९३ ते १९११. मूळ ८.१५ × ४६ आर. लायनर अमेरिकन, १९४० नंतरचा. चेंबर के-हॉर्नेट, ग्रूव्ह ५.६९, ट्विस्ट १६ इंच. पिनचं भोक मोठं आहे, वाजवू नये." खाली तारीख आणि साच्याची डबी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते.